गल्लीची सामायिक सुरक्षा : प्रकल्प नोंदी

२ फेब्रुवारी २०२५ | व्याप्ती

जागा : पुणे, कोथरूडकडची टेकडीला भिडलेली, पुढे रस्ता नसलेली गल्ली. तीन सहकारी गृहनिर्माण संस्था (८४, ६० आणि २४ सदनिका) आणि नऊ बंगले. एकूण १७७ घरे.

आजची स्थिती : तिन्ही सोसायट्यांचे वॉचमन वेगळे, रजिस्टरे वेगळी, व्हॉट्सॲप ग्रुप वेगळे. बंगल्यांकडे काहीच नाही. टेकडीकडून आलेला माणूस एका भिंतीवरून दुसऱ्या आवारात उतरला तर पहिल्या गेटवरच्या वॉचमनला ते कळायची सोय नाही आणि कळले तरी ते त्याचे काम नाही. प्रकल्प यासाठीच आहे. रात्री तीन वाजता काही घडले तर कोण उठेल, कोणाला फोन करेल आणि त्याचा अधिकार कोणी दिला, हे गल्लीतल्या प्रत्येक घराला माहीत हवे. कॅमेरे, दिवे, गार्ड हे सगळे त्यानंतरचे.

सुरक्षा उपसमिती सात जणांची : प्रत्येक सोसायटीचे दोन, बंगल्यांचा एक. प्रत्येक सोसायटीच्या दोघांपैकी एक मॅनेजिंग कमिटीतला आणि एक कमिटीबाहेरचा असावा. दोघेही कमिटीतले असले की कमिटी बदलताच सगळी माहिती एकदम जाते.

९ फेब्रुवारी | पाहणी, दिवसा आणि रात्री

एकच फेरी दोनदा : दुपारी तीन आणि रात्री साडेअकरा. दुपारची वेळ मुद्दाम घेतली. बंद फ्लॅट फोडण्याचे प्रकार रात्रीइतकेच भरदुपारी होतात, कारण दोघेही नोकरीवर आणि मुले शाळेत असलेली घरे तेव्हा रिकामी असतात.

सापडलेल्या गोष्टी :

टेकडीकडची भिंत सहा फूट, पण बाहेरच्या बाजूला राडारोडा साचून प्रत्यक्ष उंची साडेतीन फुटांवर आली आहे. भिंत वाढवण्याआधी राडारोडा उचलायचा.

भिंतीवर झुकलेल्या तीन फांद्या थेट पहिल्या मजल्याच्या गॅलरीपर्यंत पोचतात. फांद्या छाटायलाही महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी लागते (महाराष्ट्र नागरी क्षेत्र झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५). अर्ज फोटोंसह आजच द्यायचा, पावसाळ्याआधी हातात पडायला हवा.

डक्टमधले ड्रेनेजचे पाइप हीच आयती शिडी आहे. जमिनीपासून तीन मीटरवर काटेरी कॉलर बसवायची. त्याखाली बसवली तर खेळणाऱ्या मुलांना लागते.

गच्चीची दारे कुलूपबंद. हे चालणार नाही. आग लागली तर वरच्या मजल्यावरचे लोक गच्चीकडे धावतात. आतून किल्लीशिवाय उघडणारी आणि बाहेरून न उघडणारी पॅनिक बारची कडी बसवायची. दार उघडले की गेटवर बझर वाजावा, त्यासाठी साधा मॅग्नेटिक स्विच पुरतो.

बऱ्याच खिडक्यांना बॉक्स ग्रिल आहे आणि त्यात उघडणारी झडप नाही. चोराला अडवणारे ग्रिल आगीत घरच्यांनाही अडवते. प्रत्येक घरात किमान एका ग्रिलला साधारण ६० × ७५ सेंमीची झडप करून घ्यायची. कुलूप आतून, किल्ली हाताला लागेल पण बाहेरून पोचणार नाही अशा खिळ्यावर.

१६ फेब्रुवारी | अधिकार कोणाचा

तीन सोसायट्या म्हणजे तीन स्वतंत्र कायदेशीर व्यक्ती. उपसमितीला स्वतःचे खाते नाही, स्वतःचा करार नाही, वसुलीचा हक्क नाही. एका सोसायटीच्या खात्यात तिघांचे पैसे गोळा केले की ऑडिटमध्ये त्या रकमेला नेमके शीर्षक सापडत नाही आणि वाद सुरू होतो. म्हणून ठरले :

उपसमिती फक्त शिफारस करेल आणि देखरेख ठेवेल. गार्ड एजन्सीशी तीन करार, मजकूर एकच, सुपरवायझर एकच, बिले तीन. खर्च १७७ समान भागांत. आदर्श उपविधींप्रमाणे (सहकार खात्याने सोसायट्यांसाठी दिलेले नमुना नियम) सुरक्षा हा सेवाशुल्काचा भाग आहे आणि तो प्रत्येक सदनिकेला सारखा. फ्लॅट मोठा की लहान, बंद की उघडा, याने फरक पडत नाही. बंगलेधारक कोणत्याही सोसायटीचे सभासद नसल्याने ते लेखी संमतिपत्र देतील आणि तीन महिन्यांचे पैसे आगाऊ भरतील.

कॅमेरे आणि दिव्यांचा एकरकमी खर्च सिंकिंग फंडातून करायचा नाही. तो फंड पुनर्बांधणी आणि मोठ्या संरचनात्मक कामांसाठी आहे. वेगळी वर्गणी, वेगळा ठराव.

गल्लीच्या तोंडाशी लोखंडी गेट टाकावे अशी मागणी सातत्याने येते. गल्ली महापालिकेची आहे. सार्वजनिक रस्ता अडवायचा अधिकार रहिवाशांना नाही, आणि त्याच रस्त्याने रुग्णवाहिका आणि अग्निशमनाचा बंब यायचा असतो. मागणी नोंदवून निकाली काढली.

२ मार्च | विशेष सर्वसाधारण सभा

तिन्ही सोसायट्यांच्या सभा एकाच दिवशी, वेगवेगळ्या वेळी. सभेसाठी पाच पूर्ण दिवसांची नोटीस लागते. वार्षिक सभेला चौदा. ‘पूर्ण दिवस’ मोजताना नोटीस दिल्याचा आणि सभेचा दिवस धरत नाहीत.

गणपूर्ती दोन-तृतीयांश किंवा वीस, यांपैकी जे कमी ते. म्हणजे ८४ आणि ६० सभासदांच्या सोसायटीला वीस पुरतात. चोवीसच्या सोसायटीला सोळा लागतात. लहान सोसायटीलाच गणपूर्ती जड जाते. त्यामुळे तहकूब सभेची वेळ नोटिशीतच छापायची. अर्ध्या तासात गणपूर्ती झाली नाही तर तीच सभा त्या वेळेला पुन्हा भरते आणि मग गणपूर्तीची अट राहत नाही.

ठरावाचा मसुदा नेमका असावा. ‘सुरक्षा वाढवावी’ या ठरावाला काही अर्थ नाही. रक्कम, मुदत, कोणत्या शीर्षकातून, कोणाच्या सहीने, सूचक, अनुमोदक, विरोधाची मते : सगळे इतिवृत्तात. विरोधात बोललेल्यांचे मुद्दे त्यांच्याच शब्दांत लिहावेत. आज विरोध करणाऱ्यांपैकी दोघांनी कॅमेऱ्यांच्या खासगीपणाचा मुद्दा मांडला आणि तो शंभर टक्के बरोबर आहे. ४ मेची नोंद त्यावरच उभी आहे.

१६ मार्च | गार्डांचा हिशेब

एक पोस्ट चोवीस तास चालवायची तर आठवड्याला आठ तासांच्या २१ पाळ्या. एक गार्ड आठवड्यात सहा पाळ्या करतो. २१ भागिले ६ म्हणजे साडेतीन माणसे; रजा, सण, आजारपण धरून चार. आपल्या तीन पोस्टना बारा माणसे.

बारा तासांच्या पाळीत हेच काम निम्म्याहून थोड्या अधिक माणसांत होताना दिसते, म्हणून दरपत्रक स्वस्त येते. पण सहा पाळ्यांचे ७२ तास होतात. त्यावर रिलीव्हर (बदली गार्ड) आला नाही की तोच गार्ड पुढची पाळीही ओढतो आणि डबल ड्यूटीतला माणूस पहाटे साडेतीनला झोपतोच. त्याला दंड करून काही साधत नाही. गार्ड झोपलेला सापडला की आधी मस्टर (हजेरीपत्रक) बघावे : तो किती तास सलग उभा आहे?

पाच दरपत्रके आली. शेवटचा आकडा बघून तुलना करायची नाही, फोड मागायची. मूळ वेतन आणि विशेष भत्ता राज्याच्या किमान वेतनाइतका तरी हवा. त्यावर घरभाडे भत्ता, बोनस ८.३३ टक्के, मालकाचा पीएफ १३ टक्के (१२ अधिक विमा आणि प्रशासन शुल्क प्रत्येकी अर्धा), ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) ३.२५ टक्के, साप्ताहिक सुटीचा रिलीव्हर १६.६७ टक्के म्हणजे एक षष्ठांश, गणवेश, एजन्सीचा सेवाआकार, शेवटी १८ टक्के जीएसटी. ही बेरीज केल्यावर दोन दरपत्रके कायदेशीर किमान रकमेच्याही खाली निघाली. एवढ्या कमी दरात काम करणारी एजन्सी पीएफ तरी बुडवते किंवा माणसे तरी कमी ठेवते. दोन्हीची झळ शेवटी गार्डला आणि पाठोपाठ सोसायटीला बसते, कारण कंत्राटी गार्डांचे मुख्य मालक म्हणून एजन्सीने बुडवलेले देणे आपल्याकडे येऊ शकते. ती दोन्ही बाद.

करारातल्या अटी :

– खासगी सुरक्षा एजन्सी (नियमन) अधिनियम, २००५ खालचा परवाना, मुदतीसह. प्रत फाइलला.
– प्रत्येक गार्डचे प्रशिक्षण प्रमाणपत्र. नियमाप्रमाणे किमान १६० तास : १०० वर्गात, ६० प्रत्यक्ष. माजी सैनिक आणि माजी पोलिसांना कमी.
– बिलासोबत त्या महिन्याचे पीएफ चलन आणि ईसीआर (कोणत्या कामगाराचा किती पीएफ भरला याची यादी). ईसीआरमधली नावे मस्टरवरच्या नावांशी जुळवल्याशिवाय चेक निघणार नाही. चलन खरे असते, पण त्यातली नावे दुसऱ्याच साइटवरच्या माणसांची असू शकतात.
– बिलातून आयकराची कपात (टीडीएस) २०२५ मध्ये लागू असलेल्या आयकर कायद्याच्या कलम ‘१९४ सी’प्रमाणे.
– सलग दुसरी पाळी दिली तर त्या पाळीचे पैसे कापले जातील; गार्डचे नाही, एजन्सीचे.

सोसायट्यांची बाजू : केबिनमध्ये पंखा, पिण्याचे पाणी, दिवा, टेकायला पाठ असलेली खुर्ची, पावसाळ्यात रेनकोट आणि गमबूट, आणि चालत दोन मिनिटांत पोचता येईल असे स्वच्छतागृह. शेवटची अट सोडून बाकी सगळे सगळीकडे कबूल होते. स्वच्छतागृह नसेल तर गार्ड पोस्ट सोडून जाणारच.

१३ एप्रिल | दारे

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी काम हेच आहे, तरी ते नेहमी शेवटी राहते. चोरीच्या बातम्यांत ‘कडी-कोयंडा उचकटून’ हे शब्द येतात ते उगाच नव्हे. एका रिकाम्या फ्लॅटच्या जुन्या दारावर करून पाहिले. कोयंडा १५ मिमीच्या चार स्क्रूंवर बसवलेला. कटावणीचे टोक आत घालून एकच हिसका दिला आणि चारही स्क्रू लाकडाचा भुगा घेऊन बाहेर आले. लावलेले कुलूप उत्तम दर्जाचे होते. ते जसेच्या तसे कोयंड्यात लटकत राहिले.

दुरुस्ती अशी : कोयंड्याला ६ मिमीचे आरपार बोल्ट. बाहेरून गोल डोके, आतून रुंद वॉशर आणि नट. चौकटीतल्या पट्टीला ७५ मिमीचे स्क्रू, म्हणजे ते चौकटीच्या आतपर्यंत पोचतात. चौकट स्वतःच भिंतीत हलत असेल तर आधी होल्डफास्ट (चौकट भिंतीत पकडणारी लोखंडी पट्टी). चौकट हलते का ते दार बंद करून कुलपाच्या उंचीवर खांद्याने दाबून पाहावे.

बाहेरून लोंबणारे कुलूप म्हणजे घर रिकामे असल्याची पाटीच. शक्य तिथे अंगचे कुलूप (मॉर्टाइज) बसवावे. ते बसवताना सुतार दाराची कड इतकी कोरतो की फळी तिथेच कमजोर होते. ३५ मिमीपेक्षा पातळ दाराला मॉर्टाइज नको, आरपार बोल्टचा कोयंडाच बरा.

तिन्ही सोसायट्यांसाठी एकच सुतार, एकच साहित्य, घरटी एक तास. एकट्याने बोलावले तर सुतार एका दारासाठी येत नाही. चाळीस घरांनी मिळून बोलावले की येतो.

२० एप्रिल | दिवे

टेकडीकडच्या भिंतीलगत लक्समीटरवर (उजेड मोजायच्या यंत्रावर) एक लक्सही भरत नाही. मोबाइलच्या ॲपवर हे मोजू नये, प्रत्येक फोन वेगळा आकडा दाखवतो. लक्ष्य सरासरी १० लक्स, आणि सर्वांत अंधाऱ्या जागी सरासरीच्या किमान पाव तरी. एकच शंभर वॅटचा फ्लड लावला तर त्याच्यासमोर डोळे दिपतात आणि त्यामागची सावली अधिक काळी होते. त्यापेक्षा २० वॅटचे दिवे चार मीटर उंचीवर, दर आठ मीटरला, तोंड खाली.

मोशन सेन्सर नको : टेकडीवरून कुत्री, मुंगसे, डुकरे रात्रभर येतात, आठवड्याभरात दिवा लागला तरी कोणी मान वर करत नाही. फोटोसेल (अंधार पडला की दिवा लावणारा सेन्सर) लावायचा. तो दिव्याच्या स्वतःच्या उजेडात आला तर दिवा लागतो, फोटोसेलला दिवस उगवल्यासारखे वाटून तो विझतो, पुन्हा लागतो. फोटोसेल दिव्याच्या वर, आकाशाकडे तोंड करून.

गॅलऱ्यांत उजेड घुसतो अशी तळमजल्यावरची तक्रार योग्य आहे. तिथे दिव्यांना पत्र्याची झापड आणि ३००० केल्व्हिनचा पिवळसर दिवा.

४ मे | कॅमेरे : कुठे लावायचे, कुठे नाही

आधी ‘कुठे नाही’. कोणाच्याही घराच्या दारावर, खिडकीवर, गॅलरीवर रोखलेला कॅमेरा नसेल. कपडे वाळत घालायच्या गच्चीवर नाही, मुलांच्या खेळाच्या कट्ट्यावर नाही. समोरच्या बंगल्याचा जो भाग चौकटीत येतो तो कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘प्रायव्हसी मास्क’ने काळा करायचा. प्रवेशाशी पाटी : चित्रीकरण चालू आहे, जबाबदार कोण, किती दिवस ठेवतो.

आता लेन्स. माणसाची ओळख पटवायची तर चित्राच्या चौकटीच्या रुंदीत मीटरमागे २५० पिक्सेल लागतात. ओळखीचा माणूस ओळखायला १२५. कोणीतरी आहे एवढे कळायला २५. दोन मेगापिक्सेलच्या चित्राची रुंदी १९२० पिक्सेल. १९२० भागिले २५० म्हणजे ७.७ मीटर. चौकट याहून रुंद झाली की चेहरा उपयोगाचा राहत नाही. २.८ मिमीच्या लेन्सची चौकट तीन-सव्वातीन मीटरवरच एवढी रुंद होते, ६ मिमीची साधारण साडेसात मीटरवर. इन्स्टॉलर सगळीकडे २.८ लावतो, कारण स्क्रीनवर सगळे आवार दिसते आणि गिऱ्हाईक खूश होते. नंतर फुटेजमध्ये चोर दिसतो आणि चेहऱ्याच्या जागी चार पुसट चौकोन.

म्हणून : गेटवर दोन कॅमेरे. एक २.८ मिमीचा आवारासाठी, एक ६ मिमीचा चेहऱ्यासाठी. चेहऱ्याचा कॅमेरा पावणेतीन ते तीन मीटर उंचीवरच. पाच मीटरवर टांगला तर टोप्या आणि टक्कल दिसते. गेटमागून सकाळचे ऊन येत असेल तर १२० डीबी डब्ल्यूडीआर (ऊन आणि सावली दोन्ही एकाच चित्रात स्पष्ट ठेवणारी सोय) असलेला. नंबरप्लेटसाठी वेगळा कॅमेरा, शटर १/५०० सेकंद किंवा त्याहून जलद, गाडीच्या रेषेपासून तीस अंशांच्या आत.

मोठ्या सोसायटीची साठवण : १४ कॅमेरे दोन मेगापिक्सेल (प्रत्येकी २ एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला २ मेगाबिट), ४ कॅमेरे चार मेगापिक्सेल (प्रत्येकी ४). एकूण ४४ एमबीपीएस, म्हणजे रोज सुमारे ४७५ जीबी, तीस दिवसांचे सव्वाचौदा टीबी. आठ टीबीच्या दोन डिस्क, सर्व्हेलन्स दर्जाच्या. साध्या कॉम्प्युटरच्या डिस्क चोवीस तासांच्या लिखाणासाठी बनवलेल्या नसतात.

तिन्ही सोसायट्यांचे एनव्हीआर (कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारी यंत्रे) वेगळेच ठेवायचे. एकत्र जोडायला रस्त्यावरून वायर न्यावी लागेल, तिला परवानगी लागेल, आणि एकाच्या फुटेजवर दुसऱ्याचा ताबा हा नवा वाद होईल.

१८ मे | बसवणी आणि पहिले दोष

संध्याकाळी सातनंतर कॅमेरे आळीपाळीने बंद पडून पुन्हा चालू होऊ लागले. दिवसा सगळे ठीक. कारण : कॅमेऱ्यांना वायरीतूनच वीज देणारा नेटवर्क स्विच १६ पोर्टचा, पण एकूण वीज देण्याची क्षमता १२० वॅट. दिवसा कॅमेरा चार-पाच वॅट घेतो. अंधार पडला की इन्फ्रारेड लागून नऊपर्यंत जातो. सोळा नव्वे १४४. स्विच खरेदी करताना पोर्ट मोजून भागत नाही, पीओईचे (वायरीतून दिल्या जाणाऱ्या विजेचे) एकूण वॅट बघावेत. २५० वॅटचा बदलून घेतला.

मागच्या भिंतीचा कॅमेरा ११५ मीटरवर. कॅट सिक्स केबलवर शंभर मीटरपुढे भरवसा नाही. तिथे फायबर आणि दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि तांब्याच्या वायरीतला दुवा). फायबरचा दुसरा फायदा, वीज कडाडल्यावर भिंतीकडून येणारा झटका एनव्हीआरपर्यंत पोचत नाही.

यूपीएस : एनव्हीआर आणि स्विच मिळून २५० वॅट. बारा व्होल्ट, शंभर एएचच्या दोन बॅटऱ्या म्हणजे कागदावर २४०० वॅट-तास. तूट धरून दीड हजार हाताशी, म्हणजे सहा तास.

एनव्हीआरचे घड्याळ इंटरनेटच्या वेळेशी जोडले. कारखान्याचे पासवर्ड बदलले. बाहेरून बघण्यासाठी राउटरवर पोर्ट उघडून देण्याचा इन्स्टॉलरचा प्रस्ताव नाकारला. पासवर्ड दोन पाकिटांत सीलबंद : एक सेक्रेटरींकडे, एक कमिटीबाहेरच्या सदस्याकडे.

२७ मे | पाऊस

पाऊस यंदा मे संपायच्या आतच आला आणि चार कॅमेरे गेले. कॅमेरे सगळे आयपी ६७, म्हणजे पाणी आत न जाणारे. पाणी कॅमेऱ्यात गेलेच नव्हते. ते शेपटीच्या प्लगमध्ये गेले. प्लग उघडाच भिंतीला टेकून ठेवलेला, केबल वरून उतरती, त्यामुळे पाणी केबलवरून घरंगळत थेट आत. आता प्रत्येक प्लग जंक्शन बॉक्समध्ये, केबल आत घ्यायच्या ग्लँडचे तोंड खाली, आणि आत शिरण्याआधी केबलला खाली झोल, म्हणजे पाणी झोलाच्या तळाशी गळून पडते. गंजलेले आरजे ४५ प्लग कापून नवे.

कोळ्यांची जाळीही आतापासून. इन्फ्रारेडच्या उबेला किडे येतात, किड्यांमागे कोळी, आणि रात्री एक धागाही चौकटभर पांढरा दिसतो. दर शनिवारी लांब दांड्याच्या मऊ ब्रशने काच झाडणे हे हाउसकीपिंगच्या यादीत घातले.

८ जून | गस्त

तिन्ही आवारांत मिळून १२ एनएफसी टॅग (फोन जवळ नेला की गार्डच्या फेरीची नोंद करणारे बिल्ले). रात्री अकरा ते पाच, तासाला एक फेरी, पण वेळ ठरलेली नको. फेरी ठरल्या मिनिटाला निघाली की बाहेरून बघणाऱ्यालाही वेळापत्रक कळते.

क्यूआर कोड लावू नयेत. त्याचा फोटो काढून केबिनमध्ये बसून स्कॅन करता येतो. टॅगही नुसते चिकटवले तर काढून खिशात ठेवता येतात. खिडकीच्या उंचीवर, इपॉक्सीने भिंतीत बसवावेत. बाराही नोंदी दोन मिनिटांत आल्या तर फेरी झालेली नाही. ही फेरी चालत अठरा ते वीस मिनिटांची आहे.

२२ जून | पोलीस ठाण्याची बैठक

बीटच्या अंमलदारांना गल्लीचा नकाशा दिला : तीन गेट, बंद टोक, टेकडीवरची पायवाट, बंबाला वळायची जागा. गेटवरच्या पत्र्याच्या कार्डावर ११२ ला सांगायचा पूर्ण पत्ता मोठ्या अक्षरांत लिहिला. घाबरलेला माणूस सोसायटीचे नाव सांगतो आणि रस्त्याचे विसरतो.

भाडेकरूंची माहिती पोलिसांना कळवणे ही घरमालकाची जबाबदारी. सोसायटी पोच मागते आणि फाइल करते, एवढेच. धर्म, जात, अविवाहित असणे यावरून भाडेकरू नाकारायचा अधिकार सोसायटीला नाही. घरकामाच्या मावशींची झडती घेणार नाही, त्यांच्या आधारच्या झेरॉक्स केबिनमध्ये पडून राहणार नाहीत. नाव, फोन, कोणत्या घरी, एवढे पुरे. रोज वीस घरांत ये-जा करणाऱ्या या बायका अनोळखी माणूस कोणाही गार्डआधी ओळखतात. त्यांना संशयित धरले तर त्या काही सांगणार नाहीत.

रहिवासी आणि पोलीस नियमित एकत्र बसले तर काय होते याचे महाराष्ट्रातले मोठे उदाहरण भिवंडीचे. १९८४ च्या दंगलीत होरपळलेल्या या गावात १९८८ पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. प्रत्येक समितीत दोन्ही समाजांची माणसे, शिपायापासून सगळ्यांचा थेट संबंध, आणि बैठका शांततेच्या काळातही. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. आपली गल्ली त्यापुढे अगदीच लहान आहे, पण बैठक दर तिमाहीला, घटना असो वा नसो, हे तिथूनच घेतले.

१३ जुलै | अफवा आणि पकडलेला माणूस

मुले पळवणारी टोळी आल्याचा जुनाच व्हिडिओ तिन्ही ग्रुपवर फिरला. या नोंदीतले नियम आजपासून लागू. सुरक्षा उपसमिती यात कुठलीही सूट देणार नाही.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात अशाच अफवेवर जमावाने पाच जणांना ठेचून मारले. ते भिक्षा मागून पोट भरणारे, भटक्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे लोक होते. मारणाऱ्यांना आपण गावाचे रक्षण करतोय असेच वाटत होते. सामूहिक सुरक्षेचे काम करणाऱ्या प्रत्येकाने हे रोज लक्षात ठेवावे.

नियम : सुरक्षेचा ग्रुप एकच, त्यात फक्त उपसमिती लिहील. अनोळखी व्यक्तीचा फोटो टाकायचा नाही. संशय आला तर गार्डला किंवा ११२ ला फोन, ग्रुपवर नाही. व्हिडिओ कुठला, कधीचा, हे पोलिसांकडून कळल्याशिवाय पुढे पाठवायचा नाही.

कोणी चोरी करताना सापडलाच तर : भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० प्रमाणे, दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा आपल्या डोळ्यांदेखत घडला तर सामान्य नागरिक त्या माणसाला पकडू शकतो, पण विनाकारण उशीर न लावता, फार तर सहा तासांत त्याला पोलिसांच्या ताब्यात द्यावेच लागते. ‘संशय आला’ एवढ्यावर हा अधिकार मिळत नाही. पकडलेल्याला खुर्चीवर बसवायचे, पाणी द्यायचे, दोन जणांनी जवळ थांबायचे, बाकीच्यांना घरी पाठवायचे. एकही थप्पड नाही. बांधायचे नाही, व्हिडिओ काढायचा नाही. हा मजकूर केबिनमध्ये लावला आणि गार्डांकडून मोठ्याने वाचून घेतला.

२० जुलै | आग आणि सायरन

जुलैचा फॉर्म ‘ब’ (आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र) परवानाधारक एजन्सीकडून भरून घेतला. महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायदा, २००६ प्रमाणे वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलै. गार्डांना होजरीलची (आगीवर पाणी मारायच्या नळीची) झडप उघडायला लावली. दोन मजल्यांवर ती गंजून घट्ट बसली होती.

सायरनचे बटण तिन्ही गेटवर, आवाज तिन्ही आवारांत. अर्थ एकच : दिवे लावा, गॅलरीत या, खाली धावू नका. चाचणी महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी अकराला.

१० ऑगस्ट | फुटेज कोणाला

गाडीला घासल्याची तक्रार आली आणि पाच जण एनव्हीआरसमोर उभे राहिले. आता पद्धत : लेखी अर्ज, तारीख, वेळेची मर्यादा, कारण. पाहताना पासवर्ड असलेले दोघे हजर, अर्जदार फक्त स्वतःशी संबंधित भाग पाहील. मोबाइलने स्क्रीनचे चित्रण नाही. कोण कोणाकडे कधी आले हे शोधण्यासाठीचा अर्ज नाकारला जाईल, अर्जदार कोणीही असो.

पोलिसांनी मागितल्यास लेखी मागणीवर प्रत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे सोबत प्रमाणपत्र लागते, त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइलमध्ये जराही बदल झाला की बदलणारा ओळख-आकडा) लिहितात. फाइल मूळ स्वरूपातच काढावी. व्हॉट्सॲपवर पाठवली की ती दाबली जाते आणि हॅश बदलते. घटना कळताच तो भाग ‘लॉक’ करायचा, नाहीतर तिसाव्या दिवशी त्यावर नवे चित्रण चढते.

गणपतीसाठी : मांडवामुळे मधल्या गेटचा चेहऱ्याचा कॅमेरा झाकला जाणार आहे. मांडव दोन फूट डावीकडे घ्यायला मंडळ तयार आहे. बंबाची वाट मोजून खडूने आखली.

१४ सप्टेंबर | वार्षिक सभेपूर्वी

वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत. अहवालात हे आकडे जातील : रिकाम्या पाळ्या, ईसीआर न जुळल्यामुळे थांबवलेली बिले, बंद कॅमेऱ्यांचे तास, फुटेजचे अर्ज किती आणि नाकारलेले किती. ‘चोरी झाली नाही’ हे यश म्हणून लिहायचे नाही. एका वर्षावरून ते सिद्ध होत नाही.

उपसमितीचे तीन सदस्य बदलतील. हस्तांतराची फाइल : ठराव, करार, परवाने, वायरिंगचा नकाशा, पोर्टनिहाय कॅमेऱ्यांची यादी, वॉरंटीची बिले, सीलबंद पाकिटे. नव्या सदस्यांसमोर पाकिटे फोडून पासवर्ड बदलायचे.

१२ ऑक्टोबर | दिवाळीची तयारी

गावी जाणाऱ्या घरांची यादी ग्रुपवर नाही; बंद पाकिटात रात्रपाळीच्या सुपरवायझरकडे. प्रत्येक बंद घरामागे शेजारचे एक घर नेमले : दारातले दूध-पेपर उचलणे, संध्याकाळी दाराशी पणती लावणे, कोयंड्यावर नजर टाकणे. गार्डांचा बोनस एजन्सीकडून त्यांच्या खात्यात जमा झाल्याची यादी शुक्रवारपर्यंत हवी.

बाकी कामे : उद्यान विभागाकडे तिसऱ्या फांदीची परवानगी अडकली आहे. २४ सदनिकांच्या सोसायटीत सहा ग्रिलना अजून झडपा नाहीत, त्यांतल्या दोन घरांत एकटी ज्येष्ठ माणसे राहतात. सुतार आणि फॅब्रिकेटर तिथे आधी पाठवायचे, पैसे नंतर. बॅटऱ्यांची टर्मिनल्स साफ करून व्हॅसलीन. मागच्या भिंतीचा सातवा दिवा पुन्हा लुकलुकतो आहे, फोटोसेल बदलायचा.